चारची तार

…नाही, बारीकच आहे. तिनं तारेचं सोललेलं टोक पुन्हा चिमटीत धरून फिरवलं, तांब्याचे केस एकमेकांवर सरकले, थोडे टोचले, आणि बोटांनी पुन्हा तेच सांगितलं: चारची, चार चौरस मिलिमीटरची. डोळ्यांना एक वेळ चकवता येतं — वरचं काळं जाड कवच बघून वाटतं, वा, काय दणकट माल आहे — पण आतल्या तांब्याला हात लावला की खरं काय ते कळतं, आणि तिच्या बोटांनी आयुष्यभर दुसरं केलंय काय! इथे दहाची तार हवी होती. निदान दहाची. आणि बाबांनी चारची घातली होती. घातली म्हणजे पुरलीसुद्धा, वरच्या टेकाडापासून खाली घरापर्यंत चर खणवून, वर माती लोटून, ती माती स्वतः पायानं दाबून… दुकानदारानं चुकून दिली असेल. हो, तसंच असणार. हे मेले कोणाच्याही गळ्यात काहीही मारतात.

"दुकानदारानं काय दिलंय हे तुम्हाला?"

"मी मागितलं ते." बाबा भिंतीजवळ उकिडवे बसून स्क्रू डब्यात भरत होते. "चारची. पुरते आरामात. हिशेब केलाय मी, ठिणगे."

हिशेब केलाय म्हटल्यावर ती गप्प झाली. या घरात बाबांनी हिशेब केलाय म्हटल्यावर सगळेच गप्प होत आले होते — आई, दादा, वीजमंडळाचा तो एक साहेब, जो इथवर खांब आणता येणार नाहीत हे सांगायला आला आणि तासभर बाबांकडून शिकून गेला. ठिणगी हे नाव तिला बाबांनीच ठेवलं होतं, ती एवढीशी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर एक चमचा आडवा ठेवला होता तिनं, तेव्हापासून. आई किंचाळली होती. बाबा आधी हसले, मग तिला कडेवर घेऊन त्यांनी त्या वितळलेल्या चमच्याची नीट माहिती सांगितली.

पण चारची?

दादाचा फोन कालचाच. दादा दूर, मोठ्या शहरात, वहिनी आणि मुलांबरोबर. आई गेल्यापासून त्याचं एकच चाललेलं, बाबांना इकडे घेऊन येतो. मागच्या खेपेला वहिनीच्या लक्षात आलं म्हणे की बाबा एकच गोष्ट दोनदा विचारतात. मग? दोनदा विचारलं तर काय आकाश कोसळलं? पंचाहत्तरीचा माणूस आहे, विचारेल तिसऱ्यांदाही. तिनं फोनवर दादाला असं फाडफाड बोलून घेतलं होतं, आणि दादा नेहमीसारखा शांतपणे ऐकून म्हणाला होता, "हे बघ, बाबांना तिथेच राहायचंय, मला माहीत आहे. फ्रिज नीट चालला पाहिजे, त्यांची इंजेक्शनं खराब होता कामा नयेत, आणि एकट्यानं हे सगळं सांभाळता आलं पाहिजे. तू त्यातली आहेस. वायरिंग बघ, आणि बाबांनाही बघ. संध्याकाळी सांग — राहू द्यायचं, की मी येऊन घेऊन जाऊ. तू म्हणशील ते शेवटचं."

तू म्हणशील ते शेवटचं! छान आहे. मोठा तो, आणि सुरी माझ्या हातात. मी काय म्हणणार होते ते मात्र मी व्हॅन सुरू करतानाच ठरवून टाकलं होतं. राहू द्यायचं. वायरिंग उत्तम आहे, बाबा उत्तम आहेत, झालं. रस्ताभर तेच वाक्य तोंडात घोळवत आले मी.

घर खोलगट जागेत होतं, कारण आईला पाणी जवळ हवं होतं. बाबांना वर टेकाडावर बांधायचं होतं, उन्हात. आई म्हणाली होती, ऊन काही कळशीनं आणावं लागत नाही. त्यामुळे घर खाली झऱ्याशी, आणि दुपार कलायच्या आत डोंगराची सावली छपरावर. इतकी वर्षं छपरावरच्या पॅनेलनी अर्ध्या दिवसाच्या उन्हावर दिवे चालवले. आता फ्रिज आला म्हणजे तेवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून बाबांनीच बेत केला — पॅनेल टेकाडावर, बॅटऱ्या तिथल्याच जुन्या पंपाच्या खोलीत, आणि तिथून घरापर्यंत जमिनीतून तार. बेत चोख होता. तिनं केला असता तर असाच केला असता. फक्त तार…

लांबच्या तारेचं दुखणं साधं असतं. वीज वाटेतच थोडी थोडी खर्ची पडते. तार जितकी लांब आणि जितकी बारीक तितकी जास्त. आणि बॅटरीची बारा व्होल्टची वीज म्हणजे मुळात जेमतेम शिदोरी घेऊन निघालेला माणूस, त्यातली निम्मी वाटेत संपली तर घरी पोचून तो करणार काय.

"अंतर किती धरलंत?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यांनी सांगितलं. टेपनं मोजलेलं, अगदी बरोबर.

"एकेरी?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे… जाण्याचंच, की—"

"अंतर म्हणजे अंतर, अगं. टेकाडापासून घरापर्यंत. त्यात एकेरी-दुहेरी काय असतं?" आणि ते हसले, तिच्याकडे बघून, लहान मुलाच्या वेडगळ प्रश्नाला हसतात तसे.

तिला एकदम खाली बसावंसं वाटलं. ती बसलीच, उंबऱ्यावर, तार हातात धरून. एकेरी-दुहेरी काय असतं! हे कोण बोलत होतं? बाबांच्या कामाच्या शेडमध्ये नवी पोरं शिकायला यायची तेव्हा पहिल्या दिवशी, अजून त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नसायची, बाबा विचारायचे — घरापासून बाजार अर्ध्या कोसावर आहे, तू बाजार करून आलास, तर किती चाललास? आणि हटकून एखादा म्हणायचा, अर्धा कोस. मग बाबा डोळे मोठे करून, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायचे, "आणि परत कोण आलं? तुझा काका?" शेड हसून हसून लोळायची. पोरगं लाल व्हायचं, आणि त्या दिवसापासून जन्मभर विजेच्या दोन्ही वाटा मोजायचं — जाणारी आणि परत येणारी — कारण वीज नुसती जात नाही, तिला परत यावं लागतं, आणि परतीच्या तारेतही ती तितकीच खर्ची पडते. कितीतरी फिटर त्या काकावर तयार झाले. कुठे दोन जुनी पोरं भेटली तर नमस्काराच्या आधी काका निघतो.

आणि आता ते ओठाशी आलं होतं. बाबा, परत कोण आलं? मी बोलले असते, तर ते हसले असते, कपाळावर हात मारून म्हणाले असते, हात्तिच्या, म्हातारा झालो की गं मी… नाही तर हसले नसते.

चूक होते. सगळ्यांच्या होतात. तिनंच गेल्या वर्षी एका शाळेच्या छपरावर पॅनेल उलट्या तोंडाची बसवली होती आणि अर्धा दिवस आभाळाला शिव्या घातल्या होत्या. एक चूक म्हणजे काही माणूस नव्हे. आता मीटर लावतील, आणि मग कळेलच त्यांना.

बाबांनी मीटर लावला. गुडघ्यावर हात टेकून उठले, खिशातून चष्मा काढला, मीटरच्या दोन पिना तारेच्या दोन मोकळ्या टोकांना टेकवल्या — त्या टोकांना अजून काहीच जोडलेलं नव्हतं, ना फ्रिज ना दिवा — आणि मीटरचा आकडा बघून त्यांचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना.

"बारा पॉइंट सात! बघ. वर बॅटरीला जेवढं आहे, तेवढंच्या तेवढं खाली. एक थेंब सांडलेला नाही. चार पुरत नाही म्हणे!"

ती मीटरकडे बघत राहिली. आकडा खरा होता. रिकाम्या तारेवर तो नेहमीच खरा असतो. केसाएवढी तार असती तरी बारा पॉइंट सातच दाखवलं असतं त्यानं, कारण तारेतून काही वाहतच नाही, कोणी काही मागतच नाही, मग वाटेत संपणार काय? हे तिला कोणी शिकवलं? कुठल्याशा दवाखान्याच्या मागच्या खोलीत, ती विशीत असताना, तिनं असंच ओरडून सांगितलं होतं, बाबा, पूर्ण येतंय! आणि बाबांनी मान हलवून पिशवीत हात घातला होता आणि आईच्या जुन्या लोकरी मोज्यातून गाडीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब बाहेर काढला होता. आधी याला जोड आणि मग मला सांग. तिनं जोडला. तो तांबूस, मरगळलेला, कसाबसा लागला. "रिकाम्या तारेचं कधी ऐकू नकोस," बाबा म्हणाले होते. "काम सांग तिला आणि मग बघ." तो बल्ब कायम त्यांच्या पिशवीत. आई म्हणायची, बल्बाला मोजे आणि माझ्या टाचांना भेगा, काय नशीब बाई माझं.

दोन चुका झाल्या. तिनं मोजल्या नाहीत, पण मोजल्या गेल्या.

पिशवी तिथेच होती. तिचा हात आपोआप तिच्यात गेला, पक्कड, टेप, चिकटपट्टी, आणि तळाशी ती लोकर, इतकी विरलेली की बोट आरपार जात होतं. तिनं बल्ब बाहेर काढला. काढताना तिला वाटलं, आता. आता तरी. आता ते म्हणतील, अरे हो, तो राहिलाच की!

बाबांनी बल्ब तिच्या हातातून घेतला, उजेडात धरून फिरवला. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल.

"हा कुठल्या गाडीचा गं?"

बाहेर झऱ्याचं पाणी वाजत होतं. तिला ते एवढ्या मोठ्यानं कधी ऐकू आलं नव्हतं.

"असाच आहे," ती म्हणाली. "लावून बघू?"

"बघ की."

तिनं तो जोडला. एक टोक दोनदा निसटलं. बल्ब लागला — तांबूस, जुनाट, विझायच्या बेतात असल्यासारखा — आणि बाबा कौतुकानं त्याच्याकडे बघत म्हणाले, "वा! छान लागला की."

छान लागला की… रोज संध्याकाळी मी फोन करते. रोज. कसे आहात बाबा? — मस्त. जेवलात? — झकास. औषधं? — एकदम वेळेवर. दोन मिनिटांत फोन खाली, आणि मी भांडायला मोकळी दादाशी, वहिनीशी, की बाबा ठणठणीत आहेत, मी बोलते ना रोज त्यांच्याशी! बोलते! काय बोलत होते मी? एक तरी गोष्ट अशी विचारली, की जिचं उत्तर द्यायला त्यांना जरा जोर लागला असता? रिकाम्या तारेला मीटर लावत होते मी, दोन वर्षं, आणि आकडा बघून खूश होत होते. वहिनी चार दिवस त्यांच्याबरोबर राहिली, तिला कळलं. वहिनी, जिला मी… जाऊ दे.

तिनं बल्ब काढला, तो गरम होता, मोज्यात घालून मोजा आपल्या खिशात टाकला. बाबा चहा टाकायला आत गेले. साखर कुठे ठेवलीय हे ते तिला विचारतील असं वाटून ती क्षणभर कान देऊन उभी राहिली. त्यांनी विचारलं नाही. डब्याचा आवाज आला, कपांचा आवाज आला. मग तिला स्वतःचाच राग आला — आता काय, प्रत्येक डब्याच्या आवाजाची परीक्षा घेणार आहेस का त्यांची?

"मी वर जाऊन जोड घट्ट करून येते," तिनं आत ओरडून सांगितलं.

व्हॅनमध्ये दहाच्या तारेचं भेंडोळं होतं. ती नेहमी जवळ ठेवायची. पुन्हा चर उकरायचा, बाबांनी पायानं दाबलेली ती माती काढायची, त्यांच्यासमोर चारची तार ओढून बाहेर काढायची… छे. ती भेंडोळ्याकडे न बघता टेकाड चढली. दुसरा एक रस्ता होता. तार तीच ठेवायची आणि वीज चढवायची. दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी न जोडता एकीमागे एक जोडायच्या, पॅनेलही तशीच, म्हणजे बाराचे चोवीस होतात. तेवढ्याच कामाला मग निम्मा प्रवाह पुरतो, आणि तीच बारीक तार पुरेशी होते. फ्रिज दोन्हींवर चालणारा होता, तिनंच निवडलेला. बॅटऱ्या भरणारा वरचा कंट्रोलर बारा की चोवीस हे आपलं आपण समजून घेणारा. दिवे तेवढे बदलावे लागणार होते, ते तिच्या खोक्यात होते. बाबांची तार बरोबर ठरणार होती.

पंपाच्या खोलीत वंगणाचा जुना वास होता. ती खाली बसून पान्यानं जोड सोडवत राहिली, आणि सगळा वेळ तिचे कान दाराकडे होते. कारण आजवर असं कधी झालं नव्हतं की तिनं कुठे जोड सोडलाय आणि बाबा मागे येऊन उभे राहिलेले नाहीत. हे काय करतेस? का? मला सांगून कर. चार माणसांदेखत झाकण उघडायला लावायचे, स्क्रू पुन्हा फिरवून बघायचे. तिची चिडचिड व्हायची, ती म्हणायची, बाबा, मी आता लहान नाही! ती स्वतःच्या कामाला लागली, तिच्या हाताखाली माणसं आली, तरी मोठं काम असलं की ती बाबांना फोनवर आकडे सांगायची आणि पलीकडून 'हं' आलं की मगच तार कापायची. अलीकडे 'हं' फार लवकर यायला लागलं होतं. तिला वाटलं होतं, आता त्यांचा विश्वास बसला माझ्यावर. केवढी खूश झाले होते मी.

कोणी आलं नाही. तिनं जोड आवळले, पुन्हा तपासले, झाकण लावलं. रडू येत होतं; तिनं येऊ दिलं, थोडं, पान्याच्या हातानंच नाक पुसलं, मग खाली उतरली.

चहा गार झाला होता. बाबांनी तिच्या कपावर बशी झाकून ठेवली होती. तिनं दिवे बदलले, फ्रिज जोडला, बटण दाबलं. फ्रिज एकदा हुंकारला, थबकला, आणि मग एका लयीत घुमायला लागला. बाबांनी दार उघडलं. आतला दिवा लख्ख लागला, पांढराशुभ्र, त्यांच्या पूर्ण चेहऱ्यावर.

"काय? कमी पडली माझी तार?"

"नाही, बाबा." ती म्हणाली. "तार बरोबर आहे."

तारेच्या बाबतीत ती त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती आणि त्यांनी ते पकडलं नाही. तिनं खरंच वाट पाहिली. एक क्षण, दोन क्षण — आता भुवई वर जाईल, आता म्हणतील, काय केलंस गं वर, खरं सांग. ते फ्रिजचं दार लावत होते आणि पुन्हा उघडत होते, दिवा लागतोय का ते बघत.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. सावली केव्हाच घरावरून पलीकडे गेली होती, फक्त टेकाडावरची पॅनेल अजून उन्हात होती. फोन वाजला. दादा.

"काय गं? झालं का?"

"झालं. चाललाय फ्रिज."

"आणि तार?"

"तार ठीक आहे."

"बरं…" तो थांबला. दादाचं थांबणं तिला पाठ होतं, लहानपणी आईनं काही विचारलं की तो असाच थांबायचा, खरं सांगायच्या आधी. "आणि बाबा?"

बाबा मस्त आहेत. रस्ताभर घोळवलेलं वाक्य तोंडात तयार होतं, नुसता ओठ उघडायचा अवकाश. आतून फ्रिजच्या दाराचा आवाज आला. उघडलं. लावलं. उघडलं.

"दादा, मी राहते इथे थोडे दिवस," ती म्हणाली. "मग सांगते." आणि तो पुढे काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

आता खिशातला मोजा मांडीवर आला होता. ती वर टेकाडाकडे बघत मनातल्या मनात आकडे मांडायला लागली, आपण केलेलं बरोबर आहे ना, चोवीसवर, फ्रिज सुरू होतानाचा धक्का धरून, चारच्या तारेत… बरोबर येत होतं. तिनं पुन्हा मांडलं. पुन्हा बरोबर आलं. पण पलीकडे 'हं' म्हणायला कोणी नव्हतं, आणि ते नसल्यावर बरोबर आलेलं उत्तरही तिला बरोबर वाटेना; तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली, अंतर धरलं, आणि तिथेच अडकली. हे मी एकेरी धरलं की दुहेरी? दुहेरी. नक्की? आणि मग हसू की रडू हे न कळून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, बाबांच्याच चालीवर ती म्हणाली,

"आणि परत कोण आलं? तुझा काका?"

आतला दाराचा आवाज थांबला. येईल… आता ते हसणं येईल, ते शेडभर पसरणारं.

"काका आलाय?" बाबांचा आवाज आला, आतिथ्यानं भरलेला, गडबडलेला. "अगं मग त्याला बाहेर काय उभं केलंस, आत बोलाव ना! चहा टाकतो मी."

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग कप काढल्याचा, एक, दोन, तीन. ती बल्ब मुठीत घट्ट धरून तशीच बसून राहिली, आणि मग "आले, बाबा," म्हणून उठली.